शिंगातले मीठ

चिमूटभर मिठावरून सातशे विद्वान भिक्षूंची सभा भरली, असे कोणी सांगितले तर आपणास हसू येईल. परंतु बौद्ध संघाच्या इतिहासात असा प्रसंग घडल्याची नोंद आहे. भगवान बुद्धांच्या परिनिर्वाणास सुमारे शंभर वर्षे झाली होती. वैशाली नगरीतील काही भिक्षू गाईबैलाच्या पोकळ शिंगात मीठ भरून ते जवळ बाळगू लागले. भिक्षेत अळणी अन्न मिळाले, तर वरून घेता यावे, एवढाच त्यांचा हेतू. यात अपराध तो कसला? वर्गात हा प्रसंग सांगताना एका विद्यार्थ्याने मला हाच प्रश्न विचारला होता. “गुरुजी, मीठच ना ते? त्याने कोणाचे काय बिघडले?” त्या मुलास मी तेव्हा दिलेले उत्तर माझे मलाच अपुरे वाटले. आज ते थोडे नीट देण्याचा प्रयत्न करतो.

त्यासाठी प्रथम भिक्षूंच्या भोजनाचे नियम समजून घेतले पाहिजेत. पाली विनयपिटकात भिक्षूंसाठी एकंदर २२७ नियम सांगितले आहेत. त्यांतील ‘पाचित्तिय’ नावाच्या ९२ नियमांमध्ये दहा नियमांचा एक स्वतंत्र वर्ग भोजनाविषयी आहे. शिवाय शिष्टाचाराचे जे ७५ ‘सेखिय’ नियम आहेत, त्यांतले तीस तर भिक्षा कशी घ्यावी आणि जेवावे कसे यासंबंधीच आहेत. घास फार मोठा करू नये, तोंडात घास असता बोलू नये, बोटे चाटू नयेत, शेजाऱ्याच्या पात्रात डोकावून खोड काढू नये, वरण-भाजी अधिक मिळावी म्हणून ती भाताखाली लपवू नये, अशी ही शिकवण आहे. आपल्या आजीने पंगतीत बसताना जे सांगितले तेच हे, असे कोणासही वाटेल. जेवताना ‘चपुचपु’ आणि ‘सुरुसुरु’ आवाज करू नये, असे मूळ पालीतले शब्द आहेत. आपल्याकडे मचमच करणे आणि भुरके मारणे म्हणतात तेच हे, हे निराळे सांगावयास नको.

या नियमांचे एक वैशिष्ट्य असे की, ते कोणी एका बैठकीत बसून रचलेले नाहीत. प्रत्येक नियमामागे एक प्रसंग सांगितला आहे. कौशांबीत एका ब्राह्मणाने संघाला दूध प्यावयास दिले, भिक्षूंनी ते भुरके मारीत प्यायले, आणि पूर्वाश्रमी नट असलेल्या एका भिक्षूने “सारा संघच गारठलेला दिसतो” अशी थट्टा केली. त्यावरून ‘सुरुसुरु’चा नियम निघाला. एखाद्या गावाच्या चावडीवरील दप्तर वाचावे, तसे विनयपिटक वाचताना वाटते. त्यात माणसे भेटतात, आणि ती आपल्यासारखीच असतात.

भोजनाच्या वेळेचेच पाहा. सूर्य माथ्यावर येईपर्यंत भिक्षूने जेवून घ्यावे. त्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत अन्न घेऊ नये, हा नियम सर्वांस ठाऊक आहे. परंतु तोही एकदम लादला गेला नाही. मज्झिमनिकायातील एका सुत्तात उदायी नावाचा भिक्षू जुनी आठवण सांगतो. पूर्वी भिक्षू सकाळी, दुपारी आणि रात्रीही भिक्षेस जात. बुद्धांनी प्रथम दुपारचे अवेळी जेवण सोडावयास सांगितले, मग रात्रीचे. रात्रीचेच जेवण चांगले रांधलेले असते, म्हणून ते सोडताना उदायीला वाईट वाटले होते. परंतु रात्री भिक्षेस जाणे म्हणजे काय, हेही त्याला आठवते. कोणी डबक्यात पडे, कोणी काट्यांच्या कुंपणात अडके, कोणी निजलेल्या गाईवर आदळे. एकदा एक बाई भांडे घाशीत बसली होती. वीज चमकली, त्या उजेडात तिने उदायीला दारात उभा पाहिला आणि भुताच्या भयाने किंकाळी फोडली. भिक्षू आहे असे कळल्यावर तिने त्याला फैलावर घेतले. रात्रीच्या काळोखात पोटासाठी दारोदार हिंडण्यापेक्षा सुरी घेऊन पोट कापून घेतलेले बरे, अशा अर्थाचे ती बोलली.

श्रोते हो, या गोष्टीकडे जरा लक्ष द्यावे. मध्याह्नानंतर न जेवण्याने शरीर हलके राहते, चित्त स्थिर होते, हे कारण आहेच. बुद्धांनी स्वतःच ते सांगितले आहे. परंतु उदायीच्या आठवणीत दुसरेही एक कारण दडलेले आहे. दार उघडणाऱ्या त्या बाईलाही काही सोय-गैरसोय आहे. भिक्षूच्या नियमात तिच्या घराचा, तिच्या वेळेचा, तिच्या भीतीचाही विचार झालेला आहे.

हा विचार सर्वांत स्पष्ट दिसतो तो काणा नावाच्या मुलीच्या कथेत. श्रावस्तीला काणेची आई राहत असे. ती श्रद्धाळू होती. काणा माहेरी आलेली असता नवऱ्याने निरोप पाठविला की, तिला आता पाठवून द्यावे. मुलीला रित्या हाताने सासरी कशी पाठवावी, असे आईच्या मनात आले आणि तिने अपूप, म्हणजे गोड वडे-घारग्यांसारखा पदार्थ, करावयास घेतला. तेवढ्यात एक भिक्षू दारी आला. आईने त्याला वाढले. त्याने बाहेर जाऊन दुसऱ्यास सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्यास. केलेले सारे संपले. काणेचे जाणे राहिले. नवऱ्याचा दुसऱ्यांदा निरोप आला, पुन्हा तेच झाले. तिसऱ्या खेपेस नवऱ्याने बजावले की, आता आली नाही तर दुसरी करीन. त्याही वेळी भिक्षू आले, आईचा हात आखडला नाही, पदार्थ संपले, आणि नवऱ्याने दुसरी बायको केली. काणा रडत बसली.

ही हकीकत बुद्धांच्या कानी गेल्यावर नियम झाला तो असा: अशा घरी कोणी कितीही आग्रहाने वाढले, तरी दोन किंवा तीन पात्रांहून अधिक घेऊ नये, आणि ते घेऊन गेल्यावर इतर भिक्षूंबरोबर वाटून खावे. देणारी ‘पुरे’ म्हणणार नाही, म्हणून घेणाऱ्यानेच ‘पुरे’ म्हणावयाचे. आपल्या समाजात लेकीची सासरी पाठवणी म्हणजे काय हे ज्यास कळते, त्यास या नियमाचे मोल सांगावे लागणार नाही. नियमाने काणेचा संसार परत आला नाही. परंतु पुढच्या काणांसाठी संघाने आपला हात बांधून घेतला.

आता साठवणुकीचा नियम. आनंदाचे उपाध्याय बेलट्ठसीस हे थोर वृद्ध भिक्षू अरण्यात राहत. भिक्षेत मिळालेला कोरडा भात ते वाळवून ठेवीत आणि लागेल तेव्हा पाण्यात भिजवून खात. त्यामुळे त्यांना गावात फार दिवसांनी यावे लागे. यात लोभाचा लवलेश नव्हता. उलट साधेपणाच होता. तरी बुद्धांनी तो प्रकार बंद केला. आज घेतलेले अन्न उद्या खाल्ले, तर तो दोष ठरला.

येथे मला आमच्या ख्रिस्ती परंपरेतील एक गोष्ट आठवते. तेराव्या शतकातील असिसीचे संत फ्रान्सिस हेही भिक्षेवर जगणाऱ्या संघाचे संस्थापक. त्यांच्या जुन्या चरित्रकथांत असे सांगितले आहे की, सकाळी शिजवावयाची कडधान्ये आदल्या रात्री भिजत घालू नयेत, अशी त्यांनी आचाऱ्यास आज्ञा केली होती. उद्याची चिंता करू नये, या प्रभूच्या उपदेशाचे त्यांना अक्षरशः पालन करावयाचे होते. एकीकडे वाळविलेला भात भिजविणारे बेलट्ठसीस, दुसरीकडे रात्री भिजत न घातलेले कडधान्य. दोघांमध्ये सुमारे सतराशे वर्षांचे अंतर, आणि एकास दुसऱ्याचे नावही ठाऊक असण्याचे कारण नाही. तरी दोन्ही संघांस एकच गोष्ट उमगली होती की, उद्याचे अन्न आज घरात आले की भिक्षूचे भिक्षूपण सुटू लागते.

मात्र हा नियम आंधळा नव्हता. खाद्यपेयांचे काळाप्रमाणे चार वर्ग केलेले होते. भात, पोळी यांसारखे अन्न मध्याह्नापर्यंत. आंबा, जांभूळ, द्राक्षे, केळी इत्यादींचा गाळलेला रस दिवस-रात्र मिळून पहाटेपर्यंत. तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ-काकवी ही पाच औषधे सात दिवसांपर्यंत. आणि मुळ्या, पाने, हिरडा, मीठ यांसारखी औषधी द्रव्ये जन्मभर जवळ ठेवण्यास मोकळीक. राजगृहात दुष्काळ पडला तेव्हा तर बुद्धांनी विहारात अन्न ठेवण्याची, तेथेच शिजविण्याची आणि स्वतः शिजविण्याचीही परवानगी दिली. कारण बाहेर ठेवलेले धान्य किडामुंगी आणि चोर नेऊ लागले होते, आणि शिजवून देणारे अधिक ठेवून घेऊन भिक्षूंना थोडे देत होते. पुढे वैशालीत सुबत्ता होती, भिक्षा सहज मिळत होती, तेव्हा याच सवलती त्यांनी मागे घेतल्या. सवलत संकटापुरती होती; संकट सरल्यावर ती चालू ठेवण्यास कारण नव्हते.

तसेच कठोरपणाचे स्तोमही त्यांनी माजू दिले नाही. भिक्षूंनी आजन्म मत्स्य-मांस वर्ज्य करावे, आमंत्रणाचे जेवण घेऊ नये, अशा मागण्या देवदत्ताने केल्या. ज्यास तसे राहावयाचे असेल त्याने राहावे, सर्वांवर सक्ती नको, असा बुद्धांचा निर्णय होता. आपल्यासाठी प्राणी मारला हे पाहिले नसेल, ऐकले नसेल, तशी शंकाही नसेल, तर दात्याने दिलेले मांस घेण्यास प्रत्यवाय नव्हता. भिक्षूने निवड करावयाची नव्हती. गृहस्थाच्या चुलीवर जे शिजले असेल ते घ्यावयाचे होते. आणि तेही कोणी हातात दिले तरच. पाणी आणि दातवण सोडले, तर कोणी न दिलेली वस्तू तोंडात घालण्यास मनाई होती.

आता आपण वैशालीकडे वळू. तेथील वज्जिपुत्तक भिक्षूंनी जे दहा आचार सुरू केले होते, त्यांची यादी चुल्लवग्गात आहे. त्यांतील पाच खाण्यापिण्याचे आहेत: शिंगात मीठ बाळगणे, मध्याह्नानंतर सावली दोन बोटे सरकेपर्यंत जेवणे, जेवण झाल्यावर दुसऱ्या गावी जाऊन पुन्हा जेवणे, जेवणानंतर धड दूधही नाही आणि दहीही नाही असे न घुसळलेले दूध पिणे, आणि अजून न आंबलेली ताडी-माडी घेणे. या यादीत सर्वांत शेवटची बाब होती सोने-रुपे स्वीकारण्याची, आणि वादास तोंड फुटले ते तिच्यामुळे.

यश काकंडकपुत्र नावाचा भिक्षू वैशालीत आला. उपोसथाच्या दिवशी तेथील भिक्षूंनी काशाच्या भांड्यात पाणी भरून ते संघाच्या मध्यभागी ठेवले होते आणि येणाऱ्या गृहस्थांना त्यात कार्षापण, अर्धा, पाव, जे जमेल ते टाकावयास ते सांगत होते. यशाने लोकांना तसे देऊ नका म्हणून सांगितले. जमलेल्या पैशांतला वाटा त्याला देऊ केला, तो त्याने नाकारला. तेव्हा गृहस्थांची मने दुखविल्याबद्दल त्याने त्यांची क्षमा मागावी, असा दंड त्याला ठोठावण्यात आला. यश गृहस्थांकडे गेला खरा, परंतु बुद्धवचनांच्या आधारे त्याने आपली बाजू त्यांना पटवून दिली. मग तो कौशांबीस गेला आणि पश्चिमेकडील व अवंती-दक्षिणापथातील भिक्षूंना त्याने निरोप धाडले. अहोगंग पर्वतावर साठ भिक्षू पश्चिमेकडचे आणि अठ्ठ्याऐंशी अवंती-दक्षिणापथातले जमले. अवंती म्हणजे उज्जैनचा प्रदेश. माळव्यातील आपल्या बांधवांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वज्जिपुत्तकांनी रेवत या वृद्ध भिक्षूला पात्रे-चीवरे देऊन वश करण्याचाही प्रयत्न केला. रेवताने काही घेतले नाही. त्याचा सेवक उत्तर याने आग्रहास्तव एक चीवर घेतले, तेव्हा रेवताने त्यालाच दूर केले.

अखेर वैशालीतच सातशे भिक्षूंची सभा भरली. गोंधळ होऊ लागला म्हणून पूर्वेकडील चार आणि पश्चिमेकडील चार असे आठ जण निवडले गेले. वालुकारामात रेवताने एकेक प्रश्न विचारावा आणि सर्वांत ज्येष्ठ अशा सब्बकामीने उत्तर द्यावे, असे ठरले. पहिला प्रश्न मिठाचा. सब्बकामीने आधी विचारले की, हा आचार म्हणजे काय? अळणी अन्न मिळेल तेथे उपयोगी पडावे म्हणून शिंगात मीठ बाळगणे, असे रेवताने सांगितले. ते विहित नाही, श्रावस्तीस त्याचा निषेध झाला आहे, साठविलेले अन्न खाण्याचा हा दोष आहे, असा निर्वाळा सब्बकामीने दिला. रेवताने एक शलाका खाली ठेवली. अशा रीतीने एकामागून एक दहाही आचार नियमबाह्य ठरले. चुल्लवग्गातील वृत्तांत या निर्णयावर संपतो. पुढे संघात पडलेल्या फुटीचा संबंध सिंहली इतिवृत्ते याच प्रसंगाशी जोडतात.

आता माझ्या त्या विद्यार्थ्याचा प्रश्न पुन्हा घेऊ. मीठ तर जन्मभर ठेवता येते, असे आपण आताच पाहिले. मग दोष कोठे? दोष हेतूत आहे. औषध म्हणून ठेवलेले मीठ आजारासाठी असते. शिंगातले मीठ उद्याच्या जेवणासाठी असते. त्याचा अर्थ असा की, उद्या ज्या घरी जावयाचे त्या घरच्या गृहिणीने अळणी वाढले, तर तिचे अन्न सुधारण्याची सोय मी आजच करून ठेवली आहे. तिच्या हातचे जसे असेल तसे घेईन, या वृत्तीत तेवढी एक फट पडली. आज मीठ आहे, उद्या लोणचे येईल, परवा तांदूळ. आणि मग त्या दाराशी जाण्याची गरजच उरणार नाही. बेलट्ठसीसांच्या वाळल्या भाताने हेच होत होते. वैशालीच्या स्थविरांनी मिठाच्या चिमटीत हे पाहिले, असे मला वाटते. भिक्षू गृहस्थावाचून उपाशी राहिला पाहिजे. तरच तो रोज गावात जाईल, गावाचे बरेवाईट पाहील आणि गावालाही त्याच्याकडून धर्माचे चार शब्द ऐकावयास मिळतील.

इतिहास मात्र या निर्णयाशी थांबला नाही. याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावरील, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, त्या लेण्यांपैकी एकात क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतला. त्याने वाराहीपुत्र अश्विभूती या ब्राह्मणाकडून ४००० कार्षापणांस एक शेत विकत घेतले आणि आपल्या लेण्यात राहणाऱ्या, चारी दिशांहून येणाऱ्या भिक्षुसंघाला त्यातून ‘मुखाहार’ मिळावा म्हणून ते दान दिले. दुसऱ्या लेखात ३००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायमचे ठेवून त्यांच्या व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांची आणि इतर खर्चाची सोय लावल्याची नोंद आहे.

म्हणजे भिक्षूच्या शिंगातले मीठ गेले, परंतु संघाच्या नावे शेत आले. नियमाच्या अक्षरास यात बाध येत नव्हता. एका भिक्षूने साठवू नये. संघाचे अन्न सेवकांकरवी ठरावीक जागी ठेवण्यास बुद्धकाळीच मुभा मिळालेली होती. पावसाळ्यात डोंगरावर राहणाऱ्यांना त्या शेताचा आधार मोठा होता, आणि दात्याची श्रद्धाही खरी होती. पुढे सातव्या शतकाच्या उत्तरार्धात चिनी प्रवासी इत्सिंग नालंदेस राहिला. भोजनापूर्वी हातपाय धुणे, स्वतंत्र आसनांवर अंतर राखून बसणे, पाणघड्याळाने वेळ पाहणे, हे सारे त्याने बारकाईने टिपून ठेवले आहे. वेळेचा नियम अजून कसोशीने पाळला जात होता. परंतु त्याच नालंदेच्या ताब्यात दोनशेहून अधिक गावे होती, असेही तोच लिहितो. ज्या विहाराला गावेच मिळाली, त्यातील भिक्षूला गावाच्या दारी जाण्याचे कारण किती उरले असेल? मोठ्या विहारांचा आश्रय तुटल्यावर बौद्ध धर्म या देशात झपाट्याने का ओसरला, याचे एक कारण काही इतिहासकार येथेच शोधतात. फ्रान्सिसच्या संघातही दारिद्र्याच्या अर्थावरून असाच कलह माजला आणि १३२३ साली पोपना त्यात निर्णय द्यावा लागला. तेव्हा हा प्रश्न एका धर्माचा नाही.

श्रीलंका, ब्रह्मदेश, थायलंड येथे आजही भिक्षू सकाळी अनवाणी पात्र घेऊन निघतात आणि मध्याह्नापूर्वी जेवण आटोपतात. गोव्यातील सांखवाळ गावी १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी १९०२ साली सिंहलद्वीपास गेले, तेथे त्यांनी प्रव्रज्या घेतली, आणि परत येऊन संघाच्या या आचारांची ओळख आपणास आपल्या भाषेत करून दिली. १९५६ साली नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतल्यानंतर मराठी घरांतही भिक्षूंना भोजनदान देण्याची प्रथा पुन्हा आली. विहारात वर्षावासाच्या दिवसांत आपल्या घरचा डबा घेऊन जाणारी माउली वाढते, आणि तिच्यासमोर भिक्षू ते घेतो. तिच्या मिठाचा अंदाज कधी चुकतही असेल.

शेवटी एका जेवणाचा उल्लेख करून हे भाषण संपवितो. पावा नगरीत चुंद लोहाराने दिलेले भोजन घेतल्यावर बुद्धांना तीव्र रक्तातिसार झाला. कुशीनाऱ्याच्या वाटेवर, अंत जवळ आला असता, त्यांनी आनंदाला एक निरोप सांगून ठेवला. तुझ्या अन्नाने तथागत गेले, असे म्हणून कोणी चुंदाला बोल लावील, तर त्याचे मन हलके करावे. संबोधीपूर्वी मिळालेले अन्न आणि परिनिर्वाणापूर्वी मिळालेले अन्न, ही दोन्ही दाने सारख्याच पुण्याची आहेत, असे त्याला सांगावे. घेणाऱ्याचे प्राण जात होते, आणि त्याला चिंता होती ती देणाऱ्याची. भिक्षूंच्या भोजनाचे सारे नियम याच एका निरोपाकडे पाहून वाचावेत, असे मला वाटते.